बेळगावातली रहस्यकथा: शोध घेणाऱ्या आक्कावरच खुनाचा संशय (चर्चा आणि मदत हवी)

शहापूरची_लेक

नमस्कार मंडळी. एक रहस्यकथा लिहायला घेतलीय आणि ती इथल्या जाणकारांपुढे मांडल्याशिवाय पुढं सरकायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हा धागा.

प्रकार कोझी मिस्टरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लहान गाव किंवा गल्ली, सगळे एकमेकांना ओळखणारे, खून होतो पण रक्तमांस दाखवायचं नाही, आणि शोध घेणारा माणूस पोलीस नाही तर तुमच्याआमच्यासारखा कोणीतरी. शिंपी, मास्तर, खानावळवाली, ग्रंथपाल. इंग्लंडातल्या खेड्यांत हा प्रकार रुजला तो साधारण १९२०-३० च्या काळात, आणि आज जगभर लिहिला जातो. मला त्यातला एक पोटप्रकार फार आवडतो, तो म्हणजे शोध घेणाऱ्यावरच खुनाचा संशय येतो.

का आवडतो सांगते. या कथांमधला सगळ्यात कच्चा दुवा असतो "ही बाई पोलिसांचं काम सोडून मध्ये नाक का खुपसतेय?" लेखक काहीतरी गुळमुळीत कारण देतो, कुतूहल वगैरे. पण संशय तिच्यावरच आला की कारण द्यावंच लागत नाही, तिला शोध घ्यायलाच हवा, नाहीतर तिची भाकरी जाते.

भाकरी म्हणाले कारण माझी आक्का मांडे करते, म्हणजे कागदासारख्या पातळ गोड पोळ्या. साठी ओलांडलेली, बेळगावच्या शहापूर भागातल्या एका जुन्या गल्लीत राहणारी, नवरा नाही, मुलगी गोव्यात दिलेली. लग्न, डोहाळजेवण, मुंज, कुणाच्या मुलीची पाठवणी, आक्काचे मांडे ठरलेले. समोरच्या वाड्यात सावकार एकटे राहतात. त्यांच्याकडं गल्लीची भिशी आहे आणि निम्म्या गल्लीचं भाडं. आषाढातल्या एका संध्याकाळी आक्का त्यांना ताटलीत दोन मांडे नेऊन देते, भाड्याला थोडी मुदत मागायची असते म्हणून. सकाळी सावकार मेलेले सापडतात आणि बाजूला ताटलीत मांडा.

आता तुम्ही म्हणाल बेळगावच का. तर मनापासून सांगते, आमच्या भागाचं नाव मराठीत कुठंही निघालं की सीमाप्रश्नाचा मोर्चा, लाठी, कोर्टातला दावा, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, एवढंच निघतं. ते सगळं आहेच, माझ्या घरातली माणसं त्यात होती, त्याबद्दल मला आदरच आहे. पण इथं माणसं सकाळी उठून दूधही आणतात, भिशीवरून भांडतात, पावसात वाळवणं आत घेतात आणि एकमेकांवर संशयही घेतात. त्या जगण्यावर कोणीतरी मराठीत रहस्यकथा लिहायला पाहिजे आणि मला ती लिहायचीय.

मदत हवीय ती अशी: पोलीस आणि कायद्याची बाजू खरी वाटायला पाहिजे, आणि आक्कावर संशय येईल पण वाचकाला ती निर्दोष वाटत राहील हे कसं जमवायचं. बोला.

कुंदा_आणि_करदंट

वाचतेय! शहापूर, आषाढ आणि मांडे, अजून काय पाहिजे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खानापूरचा पाऊस

शहापूर निवडलंस ते उत्तम केलंस. एक गोष्ट वापरता आली तर बघ. शहापूर हे स्वातंत्र्याआधी सांगली संस्थानात होतं आणि शेजारचं बेळगाव ब्रिटिशांकडं. आता सलग एकच शहर वाटतं पण तेव्हा मध्ये रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. त्यामुळं जुन्या वाड्यांचे कागद बघितलेस तर काही मोडीत, काही संस्थानी शिक्क्याचे, नंतरचे मुंबई राज्याचे आणि १९५६ नंतरचे कानडीत. एकाच वाड्याची चार तऱ्हेची कागदपत्रं. सावकाराच्या पेटीत असा एखादा मोडी कागद असला आणि तो वाचता येणारा माणूस गल्लीत एकच असला, निवृत्त मास्तर वगैरे, तर खुनाचं कारण आपोआप तयार होतं. भिशीचे पैसे हे वरवरचं कारण आणि आतलं हे.

शहापूरची_लेक

@खानापूरचा पाऊस, हे सोनं आहे! मास्तर माझ्या यादीत होतेच, सावकारांचे भाडेकरू म्हणून. त्यांना मोडी येते हे घेतेच मी.

वकील_कोर्टरोड

बेळगावातच फौजदारी वकिली करतो म्हणून लिहितोय. तुमच्या गोष्टीत एक जागा आहे जी कोणीच वापरत नाही आणि कायदा ती तुम्हाला आयती देतो.

कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की पहिल्या दिवशी खुनाची केस होतेच असं नाही. आधी अनैसर्गिक मृत्यूची नोंद होते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, त्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, जुनं १७४. त्या कलमाखाली पोलिसांनी मृतदेहाचा पंचनामा करायचा तो शेजारपाजारच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष. म्हणजे पंच कोण? समोरच्या घरातली माणसं. सकाळी सहा-सातला पोलीस येतात, दार वाजवतात, "आक्का जरा या ओ, सही लागतीय." आक्का पंच!

तुमची हौशी शोधक घटनास्थळी कशी पोचली हा प्रश्नच मिटला, ती पोलिसांनीच बोलावून नेलेली आहे. तिनं मृतदेह बघितला, खोली बघितली, ताटली बघितली आणि सही केली. आणि दोन दिवसांनी कळतं की रात्री सावकारांना शेवटचं भेटलेली बाई हीच. पंच तटस्थ असायला पाहिजे. पीएसआय, म्हणजे तपास करणारा पोलीस उपनिरीक्षक, किती भडकेल विचार करा, त्याच्या पंचनाम्याची एक पंचच संशयित झाली.

शहापूरची_लेक

अंगावर काटा आला वाचून. म्हणजे जे ज्ञान तिला शोध घ्यायला उपयोगी पडणार तेच तिच्या गळ्याशी येणार. मला नेमकं हेच पाहिजे होतं, संशय बाहेरून चिकटवलेला नको, ती जशी आहे त्यातूनच यायला हवा. आक्का गल्लीतल्या प्रत्येक घरात जाते, कुणाकडं काय शिजतं, कुणाचं कुणाशी वाजलंय हे तिला ठाऊक. चार दिवस तेच गुण म्हणून सांगितलं जातं आणि पाचव्या दिवशी "हिला बरं सगळं माहीत असतंय" असं होतं.

निपाणीकर

एक शंका. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्स म्हणून एक पाद्री आणि रहस्यकथाकार होते, त्यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला सातवा नियम असा की शोध घेणाऱ्यानं स्वतःच गुन्हा केलेला नसावा. आता ज्यांना हा नियम माहीत आहे तो वाचक पहिल्या पानापासून आक्काला निर्दोष धरणार, मग संशयात जीव कुठला राहिला? "सुटणार की ती" असं म्हणून तो निवांत वाचेल.

शहापूरची_लेक

@निपाणीकर, प्रश्न एकदम बरोबर आहे आणि यावर मी खूप विचार केलाय. वाचकानं आक्कावर संशय घ्यावा अशी माझी इच्छाच नाही. वाचकाला ती निर्दोष आहे हे पक्कं माहीत असावं आणि गल्लीला नसावं. भीती फासाची नाहीच. भीती ही की खटला न होता, जामीन न लागता, कुणी काही न बोलता तिचं आयुष्य संपेल.

एक प्रसंग लिहिलाय, कच्चा आहे पण टाकते:

फोन वाजला. "आक्का, मी बोलतेय ओ, भाग्यनगरहून. ते मांड्यांचं सांगितलंतं न्हवं मी…"
"होय की. एकवीस. तूप आणून ठेवलंय."
"तेच म्हटलं… यंदा राहू देत. पाहुणे कमीच यायलेत."
"बरं बरं. मग अकरा करू?"
पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग, "नको आक्का. पोरं काय खाईनात आता गोड."

बस. असे चार फोन. कुणीही तिला खुनी म्हणत नाही. पोरं गोड खाईनात.

मांडेप्रेमी

वाईट वाटलं वाचताना. आमच्या आज्जीच्या गल्लीत दुसऱ्या कारणानं एका बाईचं असंच झालेलं, लोकांनी हळूहळू जाणं बंद केलं.

हुबळी_टू_वास्को

मी अस्सल बेळगावी भाषेत लिवतो, चालतंय न्हवं? तुमी सगळी जण लई भारी इचार करायलाईसा, पण मला एक सांगा, मांड्यात विष घातलं असं पोलिसांना वाटायलंय काय? आक्का काय येडी हाय का आपल्याच मांड्यात विष घालून आपल्याच ताटलीत नेऊन द्यायला? पीएसआय कसला का आसंना, एवढं तर त्याला कळतंय की.

वकील_कोर्टरोड

@हुबळी_टू_वास्को, कळतं, पण त्याच्या हातात त्या वेळी दुसरं काही नसतं ना. शवविच्छेदनात विषबाधेचा संशय आला तर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. बेळगावात विभागीय प्रयोगशाळा आहे, तरी अहवाल यायला आठवडे लागतात, कधी महिने. तो येईपर्यंत विष कुठलं, कशातून गेलं, काहीच नक्की नाही. बघा, कायद्यानं अजून खून झालेलाच नाही आणि गल्लीत निकाल लागलेला आहे. ताईंची सगळी गोष्ट या मधल्या आठवड्यांत घडवता येईल. अहवाल आला, विष मांड्यात नव्हतंच असं निघालं तरी तोवर ऑर्डरी गेलेल्या असतात.

शहापूरची_लेक

विष कशातून गेलं ते माझं ठरलंय. सावकार रात्री झोपताना कषाय, म्हणजे मसाल्याचा काढा, घ्यायचे, दुधातला, पावसाळ्यात तर रोजच. कोण करून द्यायचं हे इथं लिहीत नाही. कुठलं विष, किती, कसं, यात मला अजिबात शिरायचं नाही आणि कोझीत त्याची गरजही नसते.

आता खरा मुद्दा, ज्यावर मला तुमची मतं पाहिजेत. माझा मुख्य धागा मांड्यातच आहे.

ज्यांनी मांडा होताना बघितला नाही त्यांच्यासाठी. कणीक तेल लावून इतकी तिंबतात की ती हातावर घेऊन नुसती सोडली तरी ओघळते. मग दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायची, पलीकडचा माणूस दिसावा इतकी पातळ, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या कढईवर अलगद टाकायची. भाजायला वेळ लागतच नाही. गरम असतानाच वर पिठीसाखर, खसखस, वेलदोडा, तूप, आणि लगेच घडी. ही घडी गरमपणीच घालायला लागते कारण गार झाला की मांडा कडक होतो, मोडला तर कुरकुर आवाज येतो, आणि कोरड्या हवेत डब्यात घालून ठेवला तर बरेच दिवस तसाच राहतो.

कोरड्या हवेत. आषाढात बेळगावात कोरडी हवा कुठली. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढली तर गुल नुसतं घासून निघतं, पापड तळून ताटात वाढेपर्यंत मऊ. आक्कानं संध्याकाळी सहाला ताटलीत उघडा नेऊन दिलेला मांडा सकाळी सातला ओल्या फडक्यासारखा व्हायला पाहिजे.

आणि पंचनाम्याच्या वेळी पोलीस शिपाई ताटलीतला मांडा उचलून पिशवीत घालतो तेव्हा आक्काला आवाज येतो. कुरकुर.

म्हणजे तो मांडा रात्रभर तिथं नव्हता. कुणीतरी पहाटे डब्यातून काढून आणून ठेवलाय, संशय आक्काकडं वळावा म्हणून. हे ओळखू शकणारी त्या खोलीत ती एकटीच, आणि हे बोलायचं तर आधी सांगावं लागणार की रात्री मीच मांडे आणून दिले होते.

कुंदा_आणि_करदंट

बाई गं!! हा क्लू अप्रतिम आहे. बेळगावच्या बाहेर हे रहस्य घडूच शकत नाही.

कॅम्पातला

मस्तच, पण मोडायचा प्रयत्न करतो, रागावू नका. सावकारांच्या खोलीत ताटली चुलीशेजारी असेल तर? उबेला ठेवलेला मांडा मऊ पडणार नाही. वकील लगेच हे उकरून काढेल.

शहापूरची_लेक

@कॅम्पातला, रागवायचं काय, असंच पाहिजे. सावकार विधुर, डबा बाहेरून येतो, घरात गॅसची एक शेगडी तीही स्वयंपाकघरात. ताटली माडीवरच्या खोलीत खिडकीपाशी, आणि खिडकीची एक काच फुटून पुठ्ठा लावलेला, तिथून रात्रभर झड येतेय. पुठ्ठा भिजून खाली लोंबतोय हे मी पंचनाम्याच्या प्रसंगात आधीच दाखवणार आहे. वाचकासमोर उघड ठेवायचं, लपवायचं नाही. मांड्याचं वर्णनही आधी येईल, दुसऱ्या प्रकरणात, कुणाच्या तरी ऑर्डरीच्या गडबडीत, म्हणजे वाचकाला ते नुसतं चविष्ट वर्णन वाटेल. वाचक आणि आक्का दोघांकडं माहिती सारखी पाहिजे, नाहीतर ही फसवणूक झाली.

आज्जीचा_नातू

आक्कानं त्यातला एक तुकडा गुपचूप पदरात बांधून घरी न्यायचा. पुरावा म्हणून. नंतर पीएसआयसमोर ठेवायचा. भारी सीन होईल!

वकील_कोर्टरोड

@आज्जीचा_नातू, कृपा करून नको. पहिलं म्हणजे तुकडा घरी नेला की दुपारपर्यंत तो पण मऊ होणार, काही सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे पुरावा नाहीसा करणे, न्याय संहितेचं कलम २३८, जुनं २०१. त्यात गुन्हेगाराला वाचवायचा हेतू असावा लागतो, तो आक्काचा नाही, त्यामुळं कोर्टात टिकणार नाही हे मान्य. पण संशय पक्का व्हायला तेवढं पुरे आहे. पदरात मांडा सापडलेली पंच, तिला कोण वाचवणार.

त्यापेक्षा चांगली गोष्ट देतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ आलंय. झडती घेताना, वस्तू ताब्यात घेताना त्याचं आवाजासकट चित्रीकरण करायचं, मोबाईलवर चालतं. म्हणजे शिपाई मांडा पिशवीत घालतोय तेव्हा दुसरा शिपाई मोबाईल धरून उभा आहे. आवाज रेकॉर्ड झालाय! सगळं ठाणं ते चित्रण बघतं, ऐकत कुणीच नाही, कारण कशाचा आवाज ऐकायचा हे त्यांना माहीतच नाही.

शहापूरची_लेक

वकीलसाहेब, तुम्हाला कुठल्या शब्दांत धन्यवाद देऊ. शेवट मिळाला मला. आक्काचा शब्द आणि पोलिसांचा मोबाईल, दोन्ही एकच सांगतात. आणि बाहेर पाऊस पडतोय तरी तो आवाज ऐकू येतोय.

निपाणीकर

आता मला पटलं. पण आक्का गप्प किती दिवस बसणार? गप्प बसली तर वाचक चिडेल, "अगं सांग की बाई" असं होतं ना अशा गोष्टींत. नुसत्या गैरसमजावर दोनशे पानं ओढलेली मला आवडत नाहीत.

शहापूरची_लेक

बसणार नाही. त्याच दिवशी दुपारी ती स्वतःहून सांगते, मी मांडे दिले होते आणि सकाळचा मांडा मी दिलेला नव्हे. पहिलं वाक्य सगळे धरतात, दुसऱ्याला कुणी किंमत देत नाही. मऊ न् कुरकुरीत, हा काय पुरावा झाला? पीएसआय विजयपूरकडचा, कोरड्या मुलखातला. तिकडं भाकरी वाळवून महिनाभर खातात, त्याला एका रात्रीत खाणं मऊ पडतं हे अनुभवानं माहीत नाही. तो वाईट नाही, मला त्याला खलनायक करायचंच नाही. त्याला फक्त इथला पाऊस माहीत नाही.

सीमेवरचा

इथं माझा मतभेद. बेळगावातली मराठी बाई, कानडी पीएसआय, आणि तुम्ही भाषेचा प्रश्न बाजूला ठेवणार? पंचनामा कानडीत असणार, तिला नीट वाचता येणार नाही आणि ती सही करणार. आमची रोजची परवड आहे ती. ती टाळणं म्हणजे खोटं लिहिणं.

शहापूरची_लेक

@सीमेवरचा दादा, टाळणार नाही. पंचनामा कानडीतच असेल. आक्का मराठी शाळेत शिकलेली, बसच्या पाट्या आणि रेशनकार्डापुरतं कानडी अक्षर लावून लावून वाचते. शिपाई तिला तोंडी मराठीत सांगतो आणि ती सही करते. पण खुनाचा उलगडा त्यावर मला ठेवायचा नाहीये. तसं केलं की सगळी गोष्ट कानडी विरुद्ध मराठी होऊन जाते, आणि मग तो शिपाई, जो आक्काशी मराठीत बोलतो, ज्याची आई आक्काकडून मांडे नेते, ज्याच्या घरी दोन्ही भाषा चालतात, त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. असे कितीतरी जण आहेत आपल्यात. मला तोही पाहिजे गोष्टीत.

सीमेवरचा

पटलं असं पूर्ण म्हणणार नाही. पण शिपायाची आई मांडे नेते हे आवडलं. सही करताना तिचा हात थांबतो एवढं तरी दाखवा.

शहापूरची_लेक

दाखवते. नक्की.

वकील_कोर्टरोड

सही करण्याआधी पंचाला मजकूर वाचून दाखवायला सांगता येतं, आणि सांगावंच. शिपाई तोंडी सांगतो हे ठीक, पण आक्कानं एकदा तरी "सगळं सांगितलास न्हवं बाळा?" असं विचारावं.

अजून काही बाबी, लिहिताना चुकू नयेत म्हणून एकत्र टाकतो. महिलेला, तसंच साठीच्या पुढच्या पुरुषाला, साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, घरी येऊन विचारायचं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. तिची स्वतःची इच्छा असेल तर ती जाऊ शकते. म्हणजे आक्काची चौकशी तिच्या सोप्यात, पुढच्या ओसरीत होणार, दार उघडं, अख्खी गल्ली ऐकतेय. तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१, त्यामुळं "जबाबावर सही केली आणि अडकली" असं लिहू नका, पंचनाम्यावरची सही वेगळी. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, त्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक नाही, अगदी अपवादात्मक कारण असलं तरच, तेही महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन. आणि कुणी नार्को टेस्टचा सीन सुचवायच्या आत सांगतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ करता येणार नाही असं सांगितलंय. आपल्याच राज्याचा निकाल.

अटकपूर्व जामिनासाठी आधी जिल्हा सत्र न्यायालय, तिथं नाही मिळाला तर उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ. आक्कानं धारवाडला जाणारी सकाळची बस पकडणं हे एक छान प्रकरण होऊ शकतं.

मांडेप्रेमी

चौकशी सोप्यात आणि गल्ली ऐकतेय! हे तर ठाण्यापेक्षा वाईट.

शहापूरची_लेक

होय ना. ठाण्यात चार भिंती तरी असतात. शेजारीण "मीठ आहे का" म्हणून वाटी घेऊन येते आणि उंबऱ्यात उभीच राहते, असं घेतेय. धारवाडची बस पण घेतेय, कित्तूरच्या पुढं आक्काच्या शेजारच्या सीटवर कोण येऊन बसतं ते बघाच.

हुबळी_टू_वास्को

आता मी खुनी सांगतो बघा. कुरकुरीत मांडा ज्याच्या डब्यात हाय त्योच खुनी. आक्कानं त्या आठवड्यात कुणाकुणाला मांडे दिलेले, कोणाच्या घरात घट्ट झाकणाचा डबा हाय, एवढंच हुडकायचं. मोडीवाला मास्तर दिसाया लागलाय मला तर. त्याला कागद वाचाय येतोय, पंच म्हणून त्यालाच बोलावलेलं आसणार, समोरच राहतोय.

निपाणीकर

मास्तर फार उघड आहे. कागद वाचता येतो म्हणून मास्तर, हे वाचकाला पहिल्या पन्नास पानांत सुचणार. मला भिशीतली कुणीतरी वाटतेय, जिचा नंबर लागायचा होता. शिवाय मांडे पत्र्याच्या डब्यात भरून लांब पाठवतात, म्हणजे जिची लेक परगावी आहे अशी कुणी.

कॅम्पातला

@निपाणीकर, म्हणजे आक्का स्वतः पण त्यात बसते, मुलगी गोव्यात आहे ना? पोलीस तिच्या घरातला डबा उघडणार तेव्हा त्यात कुरकुरीत मांडे निघणारच. कुरकुरीत मांडा सकाळी आणून ठेवला हे तिनं सिद्ध केलं तर "मग तूच आणून ठेवलास" असं म्हणता येतं.

शहापूरची_लेक

@कॅम्पातला, तुम्ही माझं सातवं प्रकरण आधीच सांगून टाकलंत. अगदी तेच होतं. तिनं स्वतःला सोडवायला काढलेली गोष्टच उलटी तिच्यावर येते, आणि तेव्हा पहिल्यांदा वकील शोधायला ती घराबाहेर पडते. त्या आठवड्यात मांडे चार घरांत गेलेत, पाचवा डबा तिचा. कुठल्या डब्यातला एक कमी आहे हे पोलिसांना मोजता येत नाही, कारण लोक खातात. आक्काला येतं, कारण घडी. घाईत केलेल्या मांड्याची घडी आणि निवांत केलेल्याची घडी तिला स्वतःला ओळखू येते, आणि कुठल्या घरची ऑर्डर कुठल्या दिवशी, किती घाईत झाली हे तिच्या डोक्यात आहे. पिशवीत सील करून ठेवलेला मांडा पीएसआयनं तिला पुन्हा बघू द्यावा इथपर्यंत त्याला आणणं, हे मला अजून जमवायचंय.

वकील_कोर्टरोड

सील फोडू नका. फोटो असतात, चित्रण असतं. त्यात घडी दिसेल. शिपायानं मोबाईल जवळून धरलेला असू दे.

शहापूरची_लेक

झालं मग, ती पण अडचण गेली. पहिलं प्रकरण येत्या रविवारी इथंच टाकते, पंचनाम्याच्या सकाळपासून सुरू होतंय. कायद्याचं काही खटकलं तर वकीलसाहेब, आणि भाषेचं खटकलं तर हुबळी_टू_वास्को, तुम्ही दोघांनी लगेच सांगायचं. शिपायाच्या तोंडचं बोलणं मला तुमच्याकडून एकदा तपासून घ्यायचंय.

हुबळी_टू_वास्को

पाठवून द्या की ओ. रातच्याला बघून ठेवतो.